खांदमळणी



श्रावणी अमावास्या जवळ आली, की आमच्या औराद-भालकीकडील मराठी गावांतून एक जुना, हळवा सोहळा पाहावयास मिळतो. पोळ्याच्या आदल्या सायंकाळी बैलांना ओढ्यावर वा विहिरीवर धुऊन आणतात. वर्षभर जू वाहून ज्या जागी कातडे राठ झालेले असते, तो खांदा ऊन पाण्याने शेकतात आणि हळद व तूप एकत्र करून घरधनी स्वतःच्या हाताने तेथे चोळतो. या विधीस खांदमळणी म्हणतात. मग बैलाच्या कानाशी वाकून त्याला उद्याच्या जेवणाचे आमंत्रण दिले जाते. आमच्या कानडी शेजाऱ्यांकडे बैलांचा सण ज्येष्ठी पौर्णिमेस, कारहुण्णिमेला येतो. जिल्हा एक, सण दोन; परंतु त्यांमागील भाव एकच. ज्याच्या खांद्यावर घर उभे आहे, त्याच्या खांद्याची वर्षातून एकदा तरी विचारपूस व्हावी.

या महिन्यात खांद्याविषयीच लिहावयाचे ठरविले आहे. मात्र बैलाच्या नव्हे, माणसाच्या. विषय वैद्यकाचा आणि मी भाषेचा शिक्षक, तेव्हा हा आगाऊपणा वाटेल. पण गेल्या वर्षभरात या एका सांध्याने मला जे शिकविले, ते एम.ए.च्या दोन वर्षांतही शिकावयास मिळाले नव्हते. शिवाय शेवटी एक कबुलीही द्यावयाची आहे.

गेल्या वर्षी जूनच्या आरंभी शाळा उघडली. तीस वर्षांच्या सवयीने फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात तारीख लिहावयास हात उचलला. तो निम्म्यावर जातो न जातो तोच दंडाच्या बाहेरच्या अंगास अशी कळ आली, की खडू हातातून सुटला. हात आणखी वर रेटला, तर कळ ओसरली. खाली आणताना पुन्हा त्याच ठिकाणी ती उभीच. दुसऱ्या दिवसापासून मी फळ्याच्या मध्यावर लिहू लागलो. पाचवीतील एका चिमुरड्याने विचारलेही, "सर, अक्षरं खाली का उतरली?" मी ते हसण्यावारी नेले. घरी शेक झाला, तेल झाले. मग एका डॉक्टरांनी सुई दिली आणि दुसऱ्याच दिवशी हात पिसासारखा हलका झाला. चार महिन्यांत अशा तीन सुया झाल्या. पहिलीचा गुण सहा आठवडे टिकला, दुसरीचा तीन, तिसरीचा जेमतेम दहा दिवस. रात्री उजव्या कुशीवर निजणे अशक्य झाले, तेव्हा कलबुर्गीस जाऊन एका अस्थिरोगतज्ज्ञांना खांदा दाखविला. एम.आर.आय. झाला. अहवालातील मथितार्थ एवढाच, की खांद्याच्या कंडरेची झीज झाली असून ती काही अंशी फाटली आहे.

'कंडरा' हा शब्द आपण पुस्तकात वाचतो. बोलताना मात्र सगळ्यालाच 'शीर' म्हणून मोकळे होतो. स्नायूला हाडाशी जोडणारा जो पांढरा, चिवट दोर असतो, ती कंडरा. टाचेच्या वर बोटांनी चाचपून पाहिल्यास शरीरातील सर्वांत मोठी कंडरा हाताला लागते. खांद्याच्या कंडरा मात्र आत दडलेल्या असतात. त्यांचे काम समजावयाचे, तर खांद्याची रचना लक्षात घेतली पाहिजे. दंडाच्या हाडाचा वरचा गोल मोठा आणि खवाट्यावरील त्याची खोबण उथळ व लहान. बशीवर नारळ ठेवावा, तसा हा प्रकार आहे. म्हणूनच हात चहूकडे फिरतो आणि म्हणूनच हा सांधा सर्वांत सहज निखळतो. हा नारळ बशीवर टिकवून धरण्यासाठी खवाट्यापासून निघालेल्या चार स्नायूंच्या कंडरा त्याला पुढून, वरून आणि मागून मिठी मारतात. डॉक्टर या चौघींना मिळून 'रोटेटर कफ' म्हणतात. त्यांपैकी वरच्या बाजूची कंडरा सर्वांत अडचणीत. तिच्या डोक्यावर खवाट्याच्या टोकाचे हाडाचे छत आणि खाली दंडाचा गोल. या बोळातून ती जन्मभर ये-जा करते. फळ्यावर लिहिणारा मास्तर, भिंत रंगविणारा रंगारी, विहिरीचे पाणी शेंदणारी बाई आणि फळीवरचा डबा काढणारी गृहिणी, या सर्वांचा हात वर जातो तो मुख्यतः हिच्या आधाराने.

अमेरिकेतील बोस्टन येथे अर्नेस्ट कॉडमन नावाचे एक शल्यचिकित्सक होऊन गेले. १९३४ साली त्यांनी केवळ खांद्यावर एक जाडजूड ग्रंथ लिहिला. ही कंडरा हाडाला जेथे चिकटते, त्याच्या किंचित अलीकडचा भाग सर्वांत दुर्बल असून फाट बहुधा तेथेच पडते, असे त्यांनी दाखविले. कंडरेस मुळातच रक्त कमी; त्यातही हा पट्टा म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाचे शेत. वरच्यांचे भिजून उरले, तरच येथे पाणी पोहोचावयाचे.

आता मूळ मुद्द्यावर येतो. अशा दुखण्यास आपण 'सूज आली' म्हणतो, डॉक्टरही पुष्कळ वर्षे तसेच म्हणत. पण झिजलेल्या कंडरेचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तेव्हा तेथे सुजेच्या पेशी अपेक्षेहून फारच थोड्या आढळल्या. दिसले ते निराळेच. कंडरेचे तंतू निरोगी असताना विणकराच्या ताण्यासारखे समांतर असतात; येथे ते विस्कटलेले, बारीक आणि दुबळे झालेले होते. या तंतूंची डागडुजी करणाऱ्या ज्या मोजक्या पेशी कंडरेत राहतात, त्यांतील कित्येक मरून गेलेल्या वा मरणाच्या वाटेवर होत्या.

पेशींचे मरण दोन प्रकारचे असते, हे मला या निमित्ताने कळले. मार बसला, भाजले, रक्त तुटले, की पेशी फुगून फुटते आणि भोवती दाह माजतो. हा अपमृत्यू. दुसरे मरण शिस्तीचे आहे. पेशी आतूनच आपला कारभार आवरते, आकसते, तिचे लहान लहान तुकडे होतात आणि शेजारच्या पेशी ते गिळून टाकतात. गाजावाजा नाही, दाह नाही. १९७२ साली केर, वायली व करी या तिघा संशोधकांनी या मरणाला नाव दिले, 'अपोप्टोसिस'. हा ग्रीक शब्द त्यांना सुचविला तो अ‍ॅबर्डीन विद्यापीठातील ग्रीक भाषेच्या एका प्राध्यापकांनी. भाषेचा मास्तर वैद्यकाच्या उपयोगी पडल्याचे हे उदाहरण वाचून मला व्यवसायबंधुत्वाचा आनंद झाला, हे लपवीत नाही. शब्दाचा अर्थ आहे झाडावरून पाने वा पाकळ्या गळून पडणे. आपल्या मराठीत त्याला आयता शब्द आहे, पानगळ.

ही पानगळ नसती, तर आपण आपण झालो नसतो. गर्भात असताना हाताची बोटे पातळ पडद्याने जोडलेली असतात. त्या पडद्यातील पेशी वेळेवर मरतात, म्हणून बोटे सुटी होतात. एक मिलिमीटर लांबीचा एक सूत्रकृमी घडताना १०९० पेशी निर्माण होतात आणि त्यांतील नेमक्या १३१ ठरलेल्या क्षणी मरतात. याच कृमीच्या आधारे या मरणाची जनुके शोधणाऱ्या कार्यासाठी ब्रेनर, हॉर्व्हिट्झ आणि सल्स्टन यांना २००२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पानगळ वाईट नाही. पालवी मागे पडली आणि गळतीच पुढे निघाली, की झाड उघडे पडते.

त्याच २००२ साली ऑस्ट्रेलियातील सिडनी येथील संशोधकांनी हा प्रश्न खांद्याला लावून पाहिला. फाटलेल्या कंडरेच्या कडेचे तुकडे २५ रुग्णांकडून घेऊन त्यांनी ते तपासले. त्यांत सरासरी शंभरातील ३४ पेशी या शिस्तीच्या मरणाच्या वाटेवर होत्या. फाट नसलेल्या खांद्यातील कंडरेत हेच प्रमाण शंभरात १३ होते. कारणे अनेक सांगतात. वय, अपुरा रक्तपुरवठा, पुनःपुन्हा पडणारा ताण, पेशीतील प्राणवायूच्या ज्वलनातून निर्माण होणारी घातक रसायने, मधुमेह, धूम्रपान. पेशी मेल्या म्हणून कंडरा फाटते, की फाटल्यामुळे उरलेल्या पेशी मरतात, यावर तज्ज्ञांत अजून एकमत नाही. बहुधा दोन्ही गोष्टी एकमेकींचा हात धरून चालतात. आपल्या सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात 'अवबाहुक' नावाचा विकार वर्णिला आहे. खांद्याच्या ठायी राहिलेला वायू तेथील बंधन सुकवितो, असे तेथे म्हटले आहे. सूक्ष्मदर्शक नसताना त्या वैद्याने दाहाऐवजी 'सुकणे' हा शब्द योजावा, याचे मला फार नवल वाटले.

अहवाल हाती पडला, त्या रात्री मला झोप आली नाही. सेवेची थोडीच वर्षे उरलेली, हात कायमचा गेला तर काय, हाच विचार. दुसऱ्या दिवशी ते तरुण डॉक्टर शांतपणे म्हणाले, "सर, हा कागद आहे, निकालपत्र नव्हे." मग त्यांनी जपानमधील एका डोंगरी खेड्याची पाहणी सांगितली. तेथील ६८३ ग्रामस्थांचे दोन्ही खांदे तपासले असता सुमारे पाचव्या हिश्श्याच्या खांद्यांत कंडरा आरपार फाटलेली आढळली. आणि त्यांतील कित्येकांना काहीच त्रास नव्हता. २०१० साली हे प्रसिद्ध झाले. फाट दिसली म्हणून दुखणे तिच्यामुळेच, असे नाही. आणि दुखते म्हणून लगेच शस्त्रक्रिया, असेही नाही. हाडाचे छत घासून कंडरेस जागा करून देण्याची शस्त्रक्रिया जगभर पुष्कळ होत असे. २०१८ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात ब्रिटनमधील एक चाचणी छापून आली. त्यात काहींचे हाड खरोखर घासले, तर काहींच्या खांद्यात केवळ दुर्बीण घालून ती परत काढली. दोन्ही गटांना जवळपास सारखाच गुण आला.

"मग सुई?" मी विचारले. ते म्हणाले, "एखादी ठीक. वेदना कमी करून व्यायामास वाट मोकळी करून देते. पण पुनःपुन्हा घेतली, तर तीच कंडरेला दुबळी करते." माझ्या तीन सुयांचा हिशेब मला त्या क्षणी लागला. औषध म्हणून त्यांनी दिला तो बारा आठवड्यांचा व्यायाम. कंडरेतील पेशी आंधळ्या नसतात. त्यांना ताण कळतो. ताण अति झाला, तर त्या मरतात. मुळीच नसेल, तर आळसावून सुकतात. मोजका मिळाला, तर नवे तंतू विणू लागतात. म्हणजे विश्रांती आणि राबणे यांच्या मधल्या वाटेवर औषध आहे. कमरेत वाकून हात घड्याळाच्या लोलकासारखा सैल झुलविणे. बोटांनी भिंतीवर मुंगीच्या चालीने वर चढणे. कोपर अंगाशी ठेवून हाताची मागची बाजू दाराच्या चौकटीवर दाबून धरणे. आणि काही आठवड्यांनी अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटलीचे वजन उचलणे. व्यायामात थोडे दुखले तर चालते; दुसऱ्या सकाळपर्यंत ते ओसरले पाहिजे, एवढाच नियम.

शस्त्रक्रियेची गरज कधीच नसते, असा मात्र याचा अर्थ नव्हे. आपल्या सचिन तेंडुलकर यांच्या कोपरावर २००५ मध्ये आणि खांद्यावर २००६ मध्ये लंडन येथे शस्त्रक्रिया झाल्या. त्यानंतरच, २४ फेब्रुवारी २०१० रोजी ग्वाल्हेर येथे त्याच हातांनी एकदिवसीय सामन्यात दोनशे धावा काढल्या. कोणाला, कधी आणि कशासाठी, हे ठरविणारा जाणता माणूस हवा.

आता कबुली.

मी रोज सकाळी न्हाणीघराशेजारच्या भिंतीवर बोटांनी चढत असे. जेथवर पोहोचे, तेथे खडूने खूण करी. एके दिवशी आमच्या सौभाग्यवती चहा घेऊन आल्या आणि थट्टेने म्हणाल्या, "एवढंच ना? बघू." त्यांनी उजवा हात भिंतीला लावला. तो खांद्याच्या पातळीपर्यंतही गेला नाही. त्यांनी डाव्या हाताने उजवे कोपर उचलून धरले, तेव्हा तो वर गेला. आधार काढताच पडला. मी विचारले, "कधीपासून?" त्या म्हणाल्या, "दोन वर्षं झाली की. संक्रांतीच्या आधी विहिरीच्या पायरीवर घसरले होते, तेव्हापासून. तुम्हाला सांगितलं होतं."

सांगितले होते. मी 'वात असेल' म्हटले होते, हेही आठवले. त्यानंतर एकेक गोष्ट डोळ्यांसमोर येऊ लागली. अंगणातील वाळवणाची दोरी हातभर खाली आली होती. मला वाटले, खांब कलला. मसाल्याचे डबे वरच्या फळीवरून ओट्यावर आले होते. मला वाटले, सोय केली. वेणी घालताना त्या मान वाकवून डोके हाताकडे नेत होत्या आणि ज्वारीची भाकरी डाव्या हाताने थापीत होत्या. दोन वर्षे मी ती खात होतो. माझी अक्षरे फळ्यावर वीतभर खाली उतरली, ते एका दहा वर्षांच्या मुलाने पाहिले. माझ्या घरातील सगळे घर हातभर खाली उतरले, ते मी पाहिले नाही.

त्यांना घेऊन त्याच डॉक्टरांकडे गेलो. कंडरा पूर्ण तुटली होती. दोन वर्षे ओढ न मिळाल्याने तिचा स्नायू सुकून त्याच्या जागी चरबी भरली होती. डॉक्टर चित्र पाहत बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "पडल्या तेव्हा, पहिल्या काही आठवड्यांत आणलं असतं, तर शिवता आलं असतं. आता शिवलं, तरी टिकेलच असं नाही." ते मला उद्देशून काही वावगे बोलले नाहीत, परंतु अनेक पालकांना मी जे वाक्य ऐकविले आहे, 'पहिल्या सत्रातच भेटला असता, तर', तेच मला परत मिळाले.

म्हणून माझी विनंती आहे. खांदा महिनाभर दुखत राहिला, तर तो कोणाचाही असो, जाणत्या डॉक्टरांना दाखवावा. पडल्यानंतर हात उचलेनासा झाला, तर महिनाही थांबू नये. त्या फाटीला वेळेची मर्यादा असते. मधुमेह असेल, तर खांदा आखडण्याचा धोका अधिक असतो, तेव्हा साखर तपासावी. विडी-सिगारेट सोडावी. खांदा सुजून लाल झाला आणि ताप आला, तर त्याच दिवशी दाखवावे. डावा खांदा छातीतील दडपण, घाम वा धाप यांच्यासह दुखू लागला, तर तो खांदा नसून हृदय असू शकते. तेव्हा तेल शोधीत न बसता रुग्णालय गाठावे. आणि घरातील दोरी, डबे, देवघराची फळी यांची उंची अधूनमधून पाहत जावी. माणसे सांगत नाहीत. कधी कधी वस्तू सांगतात.

आता आमच्याकडे भिंतीवर दोन खुणा असतात. माझी खूण जुन्या जागी पोहोचली आहे. फळ्याच्या कोपऱ्यात तारीख पुन्हा लिहिली जाते. त्यांची खूण खांद्याच्या वर चार बोटे गेली आहे. तुटलेल्या कंडरेचे काम शेजारच्या स्नायूंना शिकवावयाचे, असा तो अभ्यास आहे. तो बराच काळ चालावयाचा. वाळवणाची दोरी मीच आणखी थोडी खाली बांधली आणि कपडेही बहुधा मीच वाळत घालतो. भाकरी अजून मला गोल येत नाही.

परवा शेजारच्या शेतकऱ्याकडे पोळ्याची तयारी चाललेली पाहून मी सायंकाळी वाटीत तेल कोमट केले आणि त्यांच्या खांद्याला लावू लागलो. तेलाने तुटलेली कंडरा जुळत नाही, हे मला ठाऊक होते आणि त्यांनाही. थोडा वेळ त्या गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "अहो, खांदमळणी झाली, की दुसऱ्या दिवशी बैलाला सुट्टी असते."

त्या सुट्टीची तजवीज करण्यात सध्या मी गुंतलो आहे.